रिकामं डावं पारडं

मास्तरीण गेल्यावर सात महिने तराजूवाल्यानं कामाच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. आठव्या महिन्यात एका दुपारी त्यानं दार उघडलं, तेही आपण होऊन नव्हे. औषधांच्या दुकानातून वजनांची डबी तिसऱ्यांदा आली होती. बरोबर चिठ्ठी होती: ‘लहान मुलांच्या औषधाच्या पुड्या याच वजनांवर करतो. मनाला खात्री वाटत नाही. कृपया तपासून द्या.’ असल्या चिठ्ठीला नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं.

खोली वरच्या मजल्यावर होती. खाली कागदाचं गोदाम, वर लाकडी फळ्यांची जमीन, रस्त्याकडे एक मोठी खिडकी. मागच्या दोन खोल्यांत घर. भिंतींवर दांड्या, साखळ्या, पारडी टांगलेली. आतल्या कोपऱ्यात एक जड टेबल, आणि टेबलावर काचेच्या पेटीत त्याच्या वडिलांचा तराजू. हा विकायचा नव्हता. बाकीची सगळी वजनं याच्यापुढे येऊन खरी की खोटी ते ठरायचं. पारड्यात डोक्याचा एक लांब केस पडला तरी याचा काटा जागचा हलायचा. टेबलाच्या डाव्या अंगाला एक लाकडी स्टूल होतं. ते मास्तरणीचं.

तराजूवाल्यानं स्टुलाकडे न बघता खिडकी उघडली. धूळ उजेडात तरंगत होती, खाली बसायचं नाव घेत नव्हती. सगळी खोली पाण्याखाली असावी तशी वाटत होती.

काम नवरा-बायकोनं मिळून करायची पद्धत होती. मास्तरीण शाळेत गणित शिकवायची. दुपारी तीनला वह्यांचा गठ्ठा घेऊन यायची आणि स्टुलावर बसायची. ती बसली की तो पेटीची काच वर करायचा, कळ फिरवून दांडी मोकळी सोडायचा, काटा शून्यावर येतो का ते बघायचा. येत नसला तर दांडीच्या टोकाचा बारीक स्क्रू किंचित फिरवून आणायचा. मग तो आकडे सांगायचा आणि ती लिहायची. काट्यावरून नजर काढायची नाही, हा वडिलांचा नियम. त्यामुळे लिहायला दुसरं माणूस लागायचंच. एकतीस वर्षं असं चाललं. ती निवृत्त झाली, वह्या संपल्या, तरी तीनच्या ठोक्याला ती स्टुलावर हजर. “तुमचं अक्षर तुमच्या देवाला तरी वाचता येतं का?” असं म्हणायची आणि पेन्सिल कानावर खोचायची.

त्यानं काच वर केली. कळ फिरवली. दांडी मोकळी झाली, काटा डोलू लागला.

काटा खाली लोंबणारा होता. डावं पारडं जड झालं की काट्याचं टोक उजवीकडे जायचं, उजवं जड झालं की डावीकडे. दोन्ही पारडी रिकामी असली की मधे, शून्यावर. आज टोक इकडे गेलं, तिकडे गेलं, हळूहळू दमलं आणि शून्याच्या उजवीकडे तिसऱ्या रेघेवर थांबलं.

म्हणजे डावं पारडं जड. डाव्या पारड्यात काहीच नव्हतं.

तराजूवाल्यानं मऊ ब्रशनं दोन्ही पारडी झाडली. दांडी जिच्यावर टेकते ती धार पुसली. पुन्हा सोडलं. तिसरी रेघ. त्यानं उजव्या पारड्यात चिमट्यानं तीन मिलिग्रॅम वजनाचा पत्र्याचा इवला तुकडा ठेवला, तेव्हा काटा शून्यावर आला. तीन मिलिग्रॅम म्हणजे एका तिळाएवढं वजन. स्टुलाच्या बाजूच्या रिकाम्या पारड्यात कुणीतरी तिळाएवढं बसलं होतं.

त्याच्या अंगावर काटा आला. मग त्याला आपलं वचन आठवलं.

शेवटच्या आठवड्यांत मास्तरीण मागच्या खोलीत खिडकीशी पडून असायची. आवाज बारीक झाला होता, जीभ नाही. एका सकाळी म्हणाली, “एक वचन द्या.”

“माग.”

“मी गेल्यावर माझी खूण शोधत बसू नका. तुम्ही शोधणार, मला ठाऊक आहे. खिडकीत चिमणी बसली की म्हणाल, आली.”

“मी काही एवढा भोळा नाही.”

“भोळे नाही, प्रेमळ आहात. ते जास्त घोटाळ्याचं.” ती जरा वेळ दम खात पडली. “आणि शोधलीतच, तर आधी पारडी बदलून बघा. शपथ घ्या.”

“तुझा शपथेवर विश्वास नाही.”

“तुमचा आहे ना.”

पारडी बदलणं ही धंद्यातली गोष्ट. तराजूचा संशय आला की डावं पारडं उजवीकडे लावायचं, उजवं डावीकडे. दोष पारड्यात असेल तर तो पारड्याबरोबर सरकतो. त्यानं पारडी बदलली, कळ फिरवली आणि श्वास धरून उभा राहिला. काटा डोलला, डोलला, आणि पुन्हा उजवीकडे तिसऱ्या रेघेवर येऊन थांबला. डावीकडचंच जड. पारडं दुसरं, बाजू तीच.

वचन पाळलं होतं, आणि तरीही ती तिथे होती.

खरं तर वडिलांनी सांगितलेल्या गोष्टी तीन होत्या. आधी पारडी बदल. मग अख्खा तराजू उचलून उलट तोंडानं ठेव. आणि तरी उमगलं नाही तर तू स्वतः खोलीबाहेर हो, तुझ्या अंगाची ऊबसुद्धा दांडीला लागते. पण तराजू उलटा करायचा तर पेटी उचलावी लागणार. पेटी जड आणि त्याची पाठ धरलेली. “उद्या बघू,” तो स्वतःशी म्हणाला. त्या दिवशी त्यानं औषधवाल्याच्या वजनांची डबी उघडलीच नाही. काटा शून्यावर नसताना तोलायचं नाही हाही नियमच होता, आणि काटा शून्यावर आणायला त्याचा हात धजेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा खिडकीशी दहा मिनिटं डोळे मिटून उभा राहिला. ही त्याची प्रार्थना. तरुणपणापासूनची. त्यात मागणं फारसं नसायचं. आदल्या दिवशीचं जे काही असेल ते तो मनातल्या मनात कुणालातरी सांगायचा, आणि कुणीतरी ऐकतंय असं वाटायचं, एवढंच. मास्तरणीच्या आजारपणात मात्र त्यानं मागितलं होतं. भरभरून मागितलं. ते मिळालं नाही, आणि ती गेली त्या दिवसापासून शब्दच येईनासे झाले. सात महिने तो रोज दहा मिनिटं उभा राहायचा आणि आत नुसतं रिकामं घर वाजायचं. आज शब्द आले. अडखळत आले, पण आले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला ते पुसावंसंही वाटत नव्हतं.

त्या दोघांचा वाद लग्नापासूनचा. मास्तरीण देव मानत नसे, आणि न मानण्यात तिच्या हातून हयगय होत नसे. वाद चालायचा तो दुपारी, दोन तोलांच्या मधे, काटा थांबायची वाट बघताना. त्याच्या प्रत्येक मुद्द्याला ती लाल पेन्सिलीनं गुण द्यायची, दहापैकी.

“मोठा तराजू छताला टांगतात,” तो एकदा म्हणाला होता. “तो वाटेल ते तोलतो. पण ज्या आकड्याला तो टांगलाय तो आकडा काही त्याला तोलता येत नाही. म्हणून आकडा नाहीच म्हणशील?”

“आकडा आहे म्हणेन. पण त्याला आकडाच म्हणेन. देव कशाला म्हणू?”

“आकड्याशी बोलता येत नाही.”

“बोलता येतं की. उत्तर येत नाही, इतकंच. तुमच्या देवासारखंच.” आणि कागदाच्या कोपऱ्यात तिनं लिहिलं होतं: साडेपाच.

तिचा सगळ्यात जबर मुद्दा अंगठ्याचा. “तुम्हाला देव हवाय,” ती म्हणाली होती. “आणि तुमचा काटा नेमका तिकडेच झुकतो. कुठल्याही दुकानदाराचा काटा असा झुकला, तर तुम्ही आधी काय बघाल? पारड्यावर अंगठा कुणाचा आहे ते.”

त्याला हे लागलं होतं. दोन दिवस तो गप्प होता. तिसऱ्या दिवशी तीनला ती बसल्या बसल्या म्हणाला, “तुला तो नकोय. तोही अंगठाच.” ती खळखळून हसली होती. सात दिले होते.

पूर्ण गुण तिनं एकदाच दिले. आजारपणात. “तुमचा देव चांगला असेल तर हे काय चाललंय?” तिनं स्वतःच्या हाडकलेल्या हाताकडे बघत विचारलं होतं. “आणि चांगला नसेल तर रोज सकाळी दहा मिनिटं कुणापायी घालवता?” तो शेवटी म्हणाला, “माहीत नाही.” ती उशीवर मान वळवून त्याच्याकडे बघत राहिली. “दहापैकी दहा,” म्हणाली, आणि त्याचा हात धरून झोपी गेली.

आता तो रोज तीनला खोलीत जाऊन बसायचा. दांडी मोकळी सोडायचा, काटा तिसऱ्या रेघेवर येईपर्यंत बघत राहायचा, आणि मग वाद सुरू करायचा. तिच्या बाजूनंही तोच बोलायचा. उन्हाचा चौकोन फळ्यांवरून हळूहळू सरकत स्टुलाच्या पायांशी यायचा, वर चढायचा, बैठकीवर टेकायचा. चौथ्या दिवशी त्याला बसल्याजागी डुलकी लागली आणि स्वप्न पडलं. आभाळाएवढा तराजू, वर कुठे टांगलाय ते दिसत नाही. डाव्या पारड्यात मास्तरीण मांडी घालून वह्या तपासतेय. उजव्या पारड्यात तो आपलं एकेक आणून ठेवतोय: सकाळच्या सगळ्या प्रार्थना, भिंतीवरच्या दांड्या, टेबल, खिडकी. पारडं हलत नाही. ती मान वर न करता म्हणते, “अहो, ती काच लावा, वारा येतोय.” तो काच शोधू लागतो तर हातात काच नाही, पाणी आहे.

जागा झाला तेव्हा त्याला बरं वाटत होतं. मग एक गोष्ट खटकली. गेल्या चार दुपारी वादात तोच जिंकत होता. ती दोन वाक्यांत हरायची. जिवंतपणी ती अशी कधीच हरली नव्हती. पण हा विचार त्यानं फार वेळ ठेवून घेतला नाही.

पाचव्या दिवशी, बुधवारी, त्यानं शिंपीदादांना सांगितलं. शिंपीदादा समोरच्या घरात राहायचे, त्याच्याहून दहा वर्षांनी मोठे. दर रविवारी त्यांच्याकडे सात-आठ माणसं प्रार्थनेला जमायची, तराजूवाला त्यांतला एक. शिंपीदादा जिने चढून धापा टाकत वर आले, चश्मा पुसून पेटीपाशी वाकले आणि काटा तिसऱ्या रेघेवर थांबला तसे मटकन खाली बसले, जमिनीवरच.

“अरे, ही तर ती!”

“पारडी बदलून बघितली, दादा.”

“बघितलीस ना? मग झालं! आयुष्यभर नाही नाही म्हणाली, आणि आता बघ. आपणहून सांगायला आली की मी चुकले होते म्हणून.” त्यांचे डोळे भरले होते. “सात महिने तू प्रार्थनेला येऊन नुसता भिंतीकडे बघत बसायचास. आम्हाला काय दिसत नव्हतं? या रविवारी आम्ही सगळे तुझ्याकडे येतो. बघू दे लोकांना.”

‘मी चुकले होते’ हे शब्द तराजूवाल्याच्या कानात कुसळासारखे राहिले. मास्तरीण असं कधी म्हणाली असती तर पुढे ‘असं सिद्ध करा’ म्हणाली असती. पण तो हो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी पाववाल्या बाई त्याला जिन्यात भेटल्या. कोपऱ्यावरची पावाची भट्टी त्यांची. दोन वर्षांपूर्वी त्यांचा तरणा मुलगा गेला, तेव्हापासून त्या रविवारी प्रार्थनेला यायच्या, शेवटच्या रांगेत बसायच्या, एक अक्षर बोलायच्या नाहीत. आज हातातली टोपली खाली ठेवून म्हणाल्या, “एक विचारू का? दादांकडून ऐकलं. तुमचा काटा... दुसऱ्याचं माणूस असेल तरी सांगतो का?”

तराजूवाला त्यांच्या टोपलीकडे बघू लागला.

“नाही, सहज विचारलं,” त्या म्हणाल्या, आणि टोपलीतला एक गरम पाव त्याच्या हातात ठेवून गेल्या.

शनिवारी दुपारी लेक आली. ती पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नोकरीला होती, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची, आणि अंगकाठीनं थेट आईवर गेली होती. आईचे कपडे, चपला, सगळं तिला बेतून शिवल्यासारखं बसायचं. देवाचं विचारलं तर म्हणायची, “मी दोघांच्या मधे वाढले. मला दोन्ही बाजू पाठ आहेत. तुमचा निकाल लागेपर्यंत मी जेवून घेते.”

बापानं तिला सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. तिला बापाच्या चेहऱ्यावर रंग आलेला दिसत होता, म्हणून ती काही बोलली नाही.

“बघायचंय?” त्यानं विचारलं.

“दाखवा.”

त्यानं काच वर केली, कळ फिरवली. काटा डोलू लागला आणि तिसऱ्या रेघेवर येऊन थांबला. “बघ,” तो हळूच म्हणाला. तिला उभ्यानं नीट दिसेना. ती पुढे सरकली, आणि काट्याच्या उंचीला डोळे यावेत म्हणून पायानं स्टूल ओढून त्यावर बसली.

काटा हलला. तिसऱ्या रेघेवरून निघाला, दुसरी, पहिली, शून्य ओलांडून जरा पलीकडे, परत, आणि शून्यावर उभा राहिला. अगदी मधोमध. एकतीस वर्षं दर दुपारी तीनला राहायचा तसा.

 खाली गोदामात कुणीतरी कागदाचा गठ्ठा आपटल्याचा आवाज आला.

“ऊठ,” तराजूवाला म्हणाला.

ती उठली. काटा तिसऱ्या रेघेवर गेला.

“बस.”

शून्य.

“ऊठ.”

“बाबा, मी काय शाळेत आहे का?”

 तो गुडघ्यांवर बसून जमिनीवर हात फिरवत होता. स्टुलाखालून एक रुंद फळी निघून टेबलाच्या डाव्या पायांखाली गेली होती. स्टुलावर माणूस बसलं की फळी किंचित दबायची, टेबलाची डावी बाजू केसभर खाली यायची. एकतीस वर्षं तो काटा शून्यावर आणत होता तो मास्तरीण बसल्यावर. ती उठून गेली, फळी वर आली, टेबल उजवीकडे कललं; काटा सरळच लोंबत होता, त्याच्या मागच्या रेघाच डावीकडे सरकल्या होत्या. डाव्या पारड्यात कुणीच आलं नव्हतं. उलट कुणीतरी गेलं होतं, आणि काटा तेवढंच सांगत होता.

“पेटी धर,” तो लेकीला म्हणाला. दोघांनी मिळून तराजू उचलला आणि उलट तोंडानं ठेवला. आता जे पारडं डावीकडे आलं तेच जड झालं. म्हणजे दोष तराजूत नव्हताच, टेबलाखाली होता. पाठ अजिबात दुखली नाही. पहिल्याच दिवशी दहा मिनिटांत समजलं असतं. समजायला नको होतं, म्हणून पाठ दुखत होती.

“अंगठा,” तो म्हणाला.

“काय?”

“काही नाही. तुझ्या आईचा शब्द आहे.”

तो खिडकीत जाऊन बसला. कितीतरी वेळानं लेक म्हणाली, “उद्या ती माणसं येणार ना? येऊ देत. त्या स्टुलावर मी कुणाला बसू देत नाही, म्हणजे झालं. कुणाचं काय बिघडतंय? पाववाल्या बाईंना तेवढंच बरं वाटेल. आणि तुम्हालाही, बाबा. तुम्ही आठ महिन्यांनी माणसासारखे दिसताय.”

तराजूवाला तिच्याकडे बघत राहिला. मोह त्याला झाला नव्हता असं नाही. शब्द परत गेले तर? पुन्हा ते रिकामं घर सकाळी दहा मिनिटं वाजायला लागलं तर? आता तर म्हातारपण समोर होतं, आणि अशा सकाळी अजून पुष्कळ उरल्या होत्या.

“त्या बाईंनी विचारलं होतं, दुसऱ्याचं माणूस असेल तरी सांगतो का,” तो म्हणाला. “उद्या त्या विचारतील तेव्हा मी काय करू? फळीखाली पाचर मारू त्यांच्यासाठी?”

लेक खाली बघू लागली. मग म्हणाली, “पण एक सांगू? म्हणजे एकतीस वर्षं तुमचं शून्य आईला धरून होतं.”

त्यानं उठून पेटीची काच खाली केली.

रविवारी सकाळी सहा जण आले. शिंपीदादा पुढे, पाववाल्या बाई सगळ्यांच्या मागे, दाराशी. तराजूवाल्यानं कुणाला बसा म्हटलं नाही. दांडी सोडली, काटा तिसऱ्या रेघेवर गेला, कुणीतरी हुंदका दिला, आणि तो म्हणाला, “ही खूण नाही. ही फळी आहे.” मग त्यानं लेकीला बसवून दाखवलं, उठवून दाखवलं, तराजू उलटा करून दाखवला. एक गोष्ट वगळली नाही. पाठदुखीसुद्धा सांगितली.

शिंपीदादा लाल झाले. “अरे, फळी कुणी केली? देव फळीतून सांगत नसेल कशावरून?”

“सांगत असेल, दादा. पण मग तो तिथे जो बसेल त्याचं वजन सांगतोय. तुम्ही बसून बघा.”

“मी कशाला बसू!” दादा म्हणाले, पण बसले. दादांचं वजन दांडगं. काटा शून्य ओलांडून पार डावीकडे दुसऱ्या रेघेवर गेला. कुणीतरी खुसकन हसलं आणि गप्प झालं. दादा स्वतःही नको नको म्हणत हसले.

पाववाल्या बाई पुढे आल्या. “मी बसू?”

त्या बसल्या. काटा उजवीकडच्या पहिल्या रेघेशी थांबला. त्या दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत राहिल्या.

“हे माझ्यामुळे.”

“हो.”

“फक्त माझ्यामुळे.”

“हो, बाई.”

त्यांनी दीर्घ श्वास सोडला. “बरं झालं सांगितलंत,” त्या म्हणाल्या. दोन वर्षांत त्या पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बोलत होत्या. “परवापासून माझ्या जिवाला घोर लागला होता. सगळ्यांसमोर माझ्या पोरासाठी काटा हललाच नाही, तर मी घरी कशी जाऊ?”

 शेवटी शिंपीदादांनी तराजूवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज उतरला होता. “मग आता तुझं काय? ती कुठे आहे मग?”

“माहीत नाही,” तराजूवाला म्हणाला.

हे म्हणताना त्याला वाटलं होतं, आत काहीतरी कोसळेल. कोसळलं नाही. कानाशी कुणी पेन्सिल खोचावी तसं काहीतरी सरकून गेलं फक्त.

“आणि देव?”

“त्याचं आणि माझं बोलणं पुन्हा बंद आहे. पण मी उठून गेलेलो नाही. काट्याच्या भरवशावर बसलो असतो तर काल तिसऱ्या प्रहरीच उठावं लागलं असतं.”

मग त्यांनी तिथेच, उभ्यानं प्रार्थना म्हटली. तराजूवाल्यानं ओठ हलवले नाहीत. डोळे मिटून तो पूर्ण वेळ उभा राहिला. शब्द आले नाहीत. पण त्या रिकामेपणात आज कुणी खोटं जिंकत नव्हतं, कुणी दोन वाक्यांत हरत नव्हतं. कुणाची तरी वाट बघत दोन माणसं शेजारी शेजारी बसतात, तसं काहीसं होतं ते.

सगळे गेल्यावर लेकीनं कप विसळून ठेवले. तराजूवाल्यानं तराजू पुन्हा सुलट ठेवला आणि काच वर केली. स्टूल रिकामं होतं. काटा तिसऱ्या रेघेवर होता. त्यानं दांडीच्या टोकाचा स्क्रू दोन बोटांत धरला. तो फिरवायला फार तर अर्धा मिनिट लागतो. त्याला बराच वेळ लागला. खिडकीतला उजेड फळ्यांवर आला, स्टुलाच्या पायांशी आला. त्यानं स्क्रू फिरवला, थोडा, आणखी थोडा. काटा डोलत आला आणि स्टूल रिकामं असताना पहिल्यांदा शून्यावर थांबला.

“औषधवाल्याची डबी आण,” तो म्हणाला. “आणि पेन्सिल. माझं अक्षर कुणाला वाचता येत नाही.”

लेक डबी घेऊन आली आणि आपसूक स्टुलाकडे वळली. मधेच थबकली. “आता मी बसले तर काटा तिकडे जाईल ना?”

“जाईल.”

“मग मी बसायचंच नाही का इथे?”

तराजूवाल्याची नजर काट्यावर होती. “आत्ता खिडकीशी उभी राहून लिही,” तो म्हणाला. “काम झालं की बस. कितीही वेळ बस. तू बसलीस की मी तोलायचं नाही, एवढंच.”

त्यानं पहिलं वजन चिमट्यात उचललं आणि आकडा सांगितला. तिनं लिहिला. तिसऱ्या प्रहरी काम संपलं, सगळी वजनं खरी निघाली. त्यानं कळ फिरवून दांडी टेकवली, काच खाली केली, आणि मग लेक आईच्या स्टुलावर येऊन बसली. काचेआड काटा आता हलणार नव्हता. पायाखाली फळी मात्र किंचित दबली, आणि ते त्याला कळलं.